दंडावरचा हिरवा आकडा

घड्याळ घ्यावं की नको, हे विचारायला आता माझ्याकडे बायका येतात. परवा मागच्या आळीतली शोभा आली. "गिरजामावशी, ते नाडीसखी घड्याळ घेण्यासारखं आहे का हो? तुमच्याकडे होतं ना?"

मी आधी एकच विचारते, कुणाच्या हाताला बांधायचंय? स्वतःच्या म्हणाली तर चहा पाजते आणि वाटेला लावते. सुनेच्या म्हणाली तर बस म्हणते, आणि हे सगळं ऐकवते. शोभा सुनेच्या म्हणाली. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी चौथीपर्यंत शिकले, चुका असतील. त्या काढत बसू नका, ऐका.

मी गिरजाबाई कोल्हे, राहणार सावदा. आमचं खापराचं काम आहे. खापर म्हणजे मोठं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. त्याच्या पाठीवर मांडा भाजायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. पुरण भरलेला उंडा घ्यायचा आणि बोटांपासून कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर झुलवत न्यायचा. झुलता झुलता तो ओढणीएवढा होतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि मग एका झटक्यात खापरावर. मध्ये हात थांबला की फाटला. माझ्या सासूनं मला शिकवलं, मी माझ्या सुनेला. यंत्रं काढून पाहिली लोकांनी, मोठमोठी. एकानंही अजून मांडा टाकलेला नाही.

सून हर्षाली. माझा मुलगा हेमराज याची बायको. बारा वर्षं झाली लग्नाला, स्वरा नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. आमच्या घराण्यात सुनेनं पहिला मांडा न फाडता टाकला की तिच्या डाव्या दंडावर खापर गोंदवतात. रुपयाहून मोठं, आतून गच्च भरलेलं, काळंहिरवं. दंडावर अशासाठी, की कोपराखालचा हात पोळीचा असतो, तिथं काही नको. माझ्या दंडावर आहे. हर्षालीला लग्नानंतर वर्षाच्या आत मिळालं. मला दोन वर्षं लागली होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तर दोन वर्षांपासून आमच्याकडे उन्हाचा भोंगा वाजतो. पारा ठरल्या आकड्याच्या वर गेला की नगरपालिकेच्या टाकीवरून बोंब उठते. केळीच्या बागेतली माणसं घरी, रस्त्याचं काम बंद, बैलसुद्धा सावलीत. घरातली चूल मात्र त्या नियमात नाही. नियम करणाऱ्यांच्या घरी चूल थंड असते बहुतेक.

होळीच्या आठवड्यात प्रमोद नेहेते आला. आमच्याच गावचा, कंपनीचं घड्याळ विकतो. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि पेटी उघडली.

"आजी, जुनी घड्याळं पावलं मोजायची. हे दम मोजतं."

"दम मोजायला घड्याळ कशाला रे? धापा टाकणारं माणूस दिसत नाही तुला?"

"धापा टाकायच्या आधी सांगतं, आजी. त्यातच तर गंमत आहे."

पोरगं बोलायला हुशार. त्यानं घड्याळ पालथं करून दाखवलं. मागून हिरवा उजेड लुकलुकत होता. म्हणाला, रक्त लाल असतं, ते हिरवा उजेड पिऊन टाकतं. काळजाचा ठोका पडला की कातडीखाली रक्ताची लाट येते, तेव्हा उजेड जास्त पिला जातो, कमी परत येतो. लाट ओसरली की जास्त परत येतो. हे कमीजास्त मोजलं की झाली नाडी. शेजारी एक बारीक पट्टी, ती घामातलं मीठ चाखते. तिसरं काहीतरी अंगाची उष्णता बघतं. या तिन्हींचा मेळ घालून आतला हिशेबनीस ठरवतो, की या शरीरात अजून किती काम शिल्लक आहे. शंभरपैकी दमाचा आकडा. साठाच्या वर हिरवा, तिसाच्या खाली लाल. लाल झालं की बाईला बसवायचं.

"आणि हा आकडा दिसतो कुणाला?" मी विचारलं.

"ज्याच्या फोनला जोडाल त्याला."

हेमराजचे डोळे चमकले. त्याला नव्या वस्तूचं फार. मी म्हटलं, "माझ्या खापरासमोर पन्नास वर्षं बायका उभ्या राहिल्या, घड्याळाशिवाय. ऊठ रे प्रमोद, तुझा चहा झाला."

तो गेला. आणि पंधरा दिवसांत मीच त्याला बोलावून घेतलं. का, ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

हर्षालीनं कुरकुर सुरू केली. आधी म्हणाली, जिना चढताना दम लागतो. मी म्हटलं, जाडी झालीस. मग म्हणाली, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, उशा रचून झोपते. मी म्हटलं, फोन बघत झोपत असशील. मग एका दुपारी मांडा खापरावर टाकला आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

"आत्याबाई, आतमध्ये कसंतरी फडफडतंय."

"लग्नसराईच्या तोंडावरच बरं फडफडतं तुझं!"

इंदूबाई आमच्याकडे पुरण वाटायला येते, ती म्हणाली, "अहो, चेहरा बघा तिचा, पांढरा पडलाय."

"पिठानं पडलाय," मी म्हटलं.

मला काय वाटत होतं, ते स्पष्ट सांगते. तिची धाकटी बहीण पुण्याला गेली होती, गार हवेच्या ऑफिसात बसते. मला वाटलं, हिलाही चुलीपासून सुटका हवी आहे. नाटक आहे. पण नाटक म्हणून अंगावर गेले असते तर हेमराज मध्ये पडला असता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ते घड्याळच आणू. खरं-खोटं होऊन जाऊ दे. काळजी म्हणून नव्हे, पुरावा म्हणून घेतलं मी ते घड्याळ.

प्रमोद मनगटाचा पट्टा घेऊन आला. मी हसले. "मनगटावर पोळी येते, येड्या. घड्याळात अडकून फाटेल."

"मग दंडावर बांधू. लांब पट्टा आहे."

हर्षालीनं उजवा हात पुढे केला. मी म्हटलं, "डावा. काळीज डावीकडे असतं, एवढं मलाही कळतं. आणि बांधायचंच तर खापरावर बांध. घराण्याची खूण आहे ती, शोभेल." प्रमोदनं हसत हसत बरोबर गोंदणावर घड्याळ ठेवलं आणि पट्टा ओढला. फोन जोडला हेमराजचा. तिचा नाही. तिला विचारलंही नाही कुणी.

पहिल्या दिवशी तिनं चाळीस मांडे टाकले. हेमराज फोन नाचवत आत आला. "आई, अठ्ठ्याऐंशी! हिरवंगार!"

मी हर्षालीकडे बघितलं. ती कपाळ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी नव्वद. तिसऱ्या दिवशी भट्टीसारखं ऊन, भोंगा दहालाच वाजला, आणि आकडा त्र्याण्णव. प्रमोद स्वतः बघायला आला. म्हणाला, "आजी, एवढ्या घामात, एवढ्या जाळासमोर नाडी फक्त ऐंशी. पोलादी बाई आहे ही. कंपनीला कळवतो."

मी फुगले. माझी सून म्हणून फुगले आणि माझं खरं ठरलं म्हणूनही फुगले.

मग एक गोष्ट व्हायला लागली. हर्षाली कामावरून उठून बसली की फोनवर आकडाच यायचा नाही. 'नोंद नाही, पट्टा घट्ट करा' असं यायचं. तिनं पट्टा इतका घट्ट केला की दंडावर वळ उठले. तरी नोंद नाही. पुन्हा खापरासमोर उभी राहिली, हात झुलायला लागले, की लगेच हिरवा आकडा. हेमराजनं प्रमोदला विचारलं. प्रमोदनं काय उत्तर द्यावं? म्हणाला, "काही शरीरं कामातच खुलतात. बसली की मंदावतात. वहिनींना रिकामं बसू देऊ नका."

हे वाक्य आमच्या घरात आठवडाभर फिरत होतं. मी ते तीनदा तरी तिच्या तोंडावर म्हटलं असेल.

माझ्या मुलाचं काय झालं तेही सांगते. आधी घरात आला की बायकोला विचारायचा, "जेवलीस का, डोकं दुखतंय का." आता आला की खिशात हात घालायचा. फोन बघायचा. हिरवं दिसलं की समाधान. एकदा ती म्हणाली, "अहो, आज खरंच बरं वाटत नाही मला." हा फोनकडे बघून म्हणतो, "अगं, आहेस की बरी." तिच्या देखत. तिच्या तोंडाकडे न बघता. तिनं स्वराला जवळ ओढलं आणि तिची वेणी घालत बसली. तेव्हापासून ती बरं नाही म्हणायचंच थांबली. मला वाटलं, जिरली.

आखाजीचा आदला दिवस. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात मांड्यांशिवाय पान वाढत नाहीत. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्यांच्या पानातले मांडे जातात आमच्या खापरावरून. तीनशेचं काम होतं. खापरं तीन, मांडे टाकणाऱ्या मी आणि हर्षाली दोघीच, कारण तिसरी स्वतःच्या माहेरी गेलेली. माझ्या हाताला आता शंभरावर झेपत नाहीत.

सकाळी सातला चुली पेटवल्या. भोंगा नऊला वाजला. अकराला हर्षाली म्हणाली, "आत्याबाई, मी जरा बसते."

"बस, पाच मिनिटं."

ती उठली. पुन्हा दीडशे मांड्यांच्या आसपास आल्यावर म्हणाली, "मला बसू द्या हो."

मी स्वतः हेमराजचा फोन बघितला. मी, जिनं प्रमोदला ओट्यावरून उठवला होता, ती. एक्क्याण्णव. हिरवं. मी तो फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे? वाच."

तिनं वाचलं नाही. माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आता रोज बघते, भाकरी थापताना, अंघोळ करताना. ती पुन्हा उभी राहिली.

तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तिच्या हातावर मांडा पूर्ण पसरला होता, खापरावर जायच्या बेतात होता, आणि मधोमध फाटला. अकरा वर्षांत तिचा मांडा फाटलेला मी बघितला नव्हता. पुरण तिच्या हातावरून जमिनीवर गळलं. तिच्या तोंडून माफ करा असं काहीतरी निघालं, आणि ती चुलीच्या अंगावरच आली. इंदूबाईनं पदराला धरून ओढली म्हणून तोंड भाजलं नाही.

हेमराज धावत आला. काय केलं असेल त्यानं? फोन बघितला. मेल्यानं आधी फोन बघितला! "आई, नोंद नाही म्हणतंय."

मी त्याच्या हातातला फोन भिरकावून दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या थोबाडीत दिली. "गाडी काढ!"

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर खैरनार बाई होत्या, हृदयाच्या. तिशीतल्या असतील. त्यांनी हर्षालीच्या छातीवर ती तारांची यंत्रं लावली, कान लावला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "हिला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का? गुडघे सुजले होते?"

मला काय ठाऊक! माहेरच्यांना फोन केला. आला होता. सातवीत असताना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या तापानं काळजाची एक झडप हळूहळू आखडते. वर्षानुवर्षं आखडते. मग रक्त पुढे जात नाही, फुप्फुसात साचतं, म्हणून आडवं झाल्यावर छाती दाबते. ठोका बिघडतो, म्हणून फडफडतं. "किती दिवस त्रास सांगत होती ही?"

मी म्हटलं, "दीड महिना. पण घड्याळ चांगलं दाखवत होतं."

त्यांनी घड्याळ मागितलं. कुठं बांधत होता विचारलं. मी माझ्याच दंडावरचा पदर सरकवून खापर दाखवलं. मग त्यांनी ते घड्याळ नेऊन हर्षालीच्या उजव्या दंडावर, कोऱ्या कातडीवर बांधलं. हेमराजनं उचलून आणलेल्या फोनवर एका मिनिटात आकडा आला. नाडी एकशे अठ्ठेचाळीस, वेडीवाकडी. दम अकरा. लाल. घड्याळ किंचाळायला लागलं.

मला खुर्ची दिली कुणीतरी. मग त्यांनी समजावलं, आणि चांगलं समजावलं, मी चौथी पास बाई असून मला कळलं. गोंदणाची शाई हिरवा उजेड पिऊन टाकते, रक्तासारखाच, त्याहून जास्त. तो रक्तापर्यंत धड पोचतच नाही, परत काय येणार? घड्याळ आंधळं होतं. पण त्या हिशेबनिसाला आंधळं राहायचं नसतं, त्याला आकडा द्यायचा असतो. तो चाचपडतो, कुठं ठेका सापडतो का बघतो. एरवी हात हलण्याचा ठेका तो वजा करून नाडी शोधतो. इथं नाडी दिसेचना, तेव्हा त्यानं तो हाताचा ठेकाच नाडी म्हणून धरला. हर्षालीचा हात मिनिटाला ऐंशी झोके देत होता, न चुकता, एकसारखे. तेच तिचं काळीज म्हणून घड्याळानं लिहिलं. घाम खरा, उष्णता खरी, आणि नाडी ऐंशी. म्हणून आकडा नव्वद. ती जितकी सुंदर काम करायची, तितकी तब्येत छान दिसायची. बसली की हात थांबले, ठेका गेला, नोंद नाही.

"म्हणजे ते काळीज मोजतच नव्हतं?" हेमराज म्हणाला.

"नाही. तुमचे मांडे मोजत होतं."

फुग्यानं झडप उघडायची ठरलं. जांघेतून नळी घालून. दोन दिवसांनी करणार होते. तोवर मी घरी आले, आणि घरात माझा राग मावेना.

घरात केळीचा खांब पडलेला होता, आखाजीच्या पूजेला आणलेला. आमच्या गावात केळीला तोटा नाही. मी त्याचा हातभर तुकडा कापला. त्यावर काळं फडकं गुंडाळलं, वर घड्याळ बांधलं, आणि तो तुकडा हातावर घेऊन मांड्यासारखा झुलवायला लागले. इंदूबाईला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. हेमराजच्या फोनला तडा गेला होता, पण चालत होता. पाच मिनिटांत आकडा आला. नाडी ब्याऐंशी. फडकं माझ्या घामानं भिजलं तसा दमही आला. शहाऐंशी. हिरवा. खाली लिहून आलं, 'उत्तम! असेच काम करत राहा.'

तसाच तो खांब घेऊन मी बाजारात निघाले. नऊवारीतली म्हातारी, हातावर केळीचा तुकडा झुलवतेय, मागे हेमराज फोन घेऊन. प्रमोदच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. मी खांब त्याच्या काचेवर आपटला.

"प्रमोद, ही माझी नवी सून. दम बघ हिचा. पोलादी आहे ना? कंपनीला कळव."

त्यानं फोन बघितला, खांब बघितला, फडक्याची गाठ बघितली. गिऱ्हाइकं हसायला लागली. मी त्यांच्याकडे वळले. "हसता काय? ज्या घरात हे बांधलंय, त्या घरात जाऊन हसा."

प्रमोद हळूच म्हणाला, "आजी, पुस्तिकेत लिहिलंय. एक्केचाळिसाव्या पानावर. गोंदणावर, व्रणावर बांधू नये."

"मग तू बांधलंस कशाला?"

"मी पण वाचलं नव्हतं. आणि आजी..." तो थांबला. मग म्हणालाच. "वहिनींनी उजवा हात पुढे केला होता."

मला वाटलं त्या पोराचा गळा धरावा. पण खोटं काय बोलला तो? मी खांब तिथंच टाकून आले.

आठवड्यानं कंपनीचा माणूस थेट दवाखान्यात आला. झडप उघडली होती, हर्षाली उशीला टेकून बसायला लागली होती. माणसानं फळं आणली आणि नवं घड्याळ आणलं. यात लाल उजेड आहे म्हणे, तो खोल जातो, आणि दिसलं नाही तर आकडा देत नाही, सरळ 'मला दिसत नाही' म्हणतं. तो केळीच्या खांबाचा किस्सा जरा आवरा, एवढंच त्याचं म्हणणं. मी तोंड उघडलं, आणि जे बाहेर येणार होतं त्यानं तो दवाखान्याच्या पायऱ्या गडगडत उतरला असता.

"आत्याबाई," हर्षाली म्हणाली, "थांबा. मला बघू द्या घड्याळ."

"अगं, तुला अजून हवंय ते? खोटारडं मेलं!"

तिनं ते हातात घेतलं, पालथं केलं. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ऐकू येत होता.

"ते खोटं बोललं नाही, आत्याबाई. त्याला दिसतच नव्हतं. तुम्हाला दिसत होतं. मी तुमच्या समोर उभी होते."

कंपनीच्या माणसानं मान खाली घातली. हेमराज खिडकीकडे गेला. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

घड्याळ तिनं घेतलं, पैसे देऊन. किस्सा आवरायचा शब्द तिनं दिला नाही, मीही दिला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, काही महिने ठोक्यावर लक्ष ठेवायला ते कामाचं आहे, कोऱ्या कातडीवर. तिनं ते उजव्या दंडावर बांधलं आणि स्वतःच्या फोनला जोडलं. हेमराज म्हणाला, "माझ्या पण फोनला जोड ना. मला कसं कळणार तुझं?"

"फोन करून विचारा," ती म्हणाली.

ती आता माहेरी आहे, चोपड्याला. स्वराची सुट्टी आहे, तिलाही नेलंय. कधी येणार ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खापराचं काम मी निम्म्यावर आणलंय. गिऱ्हाइकं ओरडतात, ओरडोत.

तर शोभा, हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घड्याळ चांगलं आहे. तुझी सून मागत असेल तर तिच्या हातात दे, आणि फोन तिचाच असू दे. तुला बघायचं म्हणून घेत असशील तर माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. परवा एवढं ऐकूनच शोभा उठून गेली होती, तोंड फुगवून. जाऊ दे.

हर्षालीला मी रोज संध्याकाळी फोन करते. पहिले आठ दिवस ती एकच म्हणायची, "बरी आहे." मी ठेवून द्यायचे. मग एकदा मला तो आवाज ओळखू आला. आमच्याकडे वेणी घालताना गप्प बसायची ना, तसा. मी म्हटलं, "हर्षाली, खरं सांग. मी फोन ठेवणार नाही."

मागे स्वराचं कुणाशी तरी भांडण चाललेलं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "विहिरीपर्यंत चालत जाते रोज. मध्ये एकदा उभं राहावं लागतं."

"मग थांब," मी म्हटलं. "हवं तितका वेळ थांब."

बारा वर्षांत तिला मी हा शब्द पहिल्यांदा म्हटला होता.